जुन्या ३०९०च्या नोंदी: वडगाव, बेळगाव, मे-जून २०२५

४ मे, रविवार

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०९०, मेमरी २४ जीबी. तीन पंखे, वीज घ्यायला दोन आठपिनी कनेक्टर. जुनं घेतलं, ६२,००० रुपयांना. विकणारा म्हणाला, ‘फक्त गेमिंगला वापरलंय.’ कार्डाच्या मागच्या पत्र्याच्या कडेनं, उष्णता वाहून नेणाऱ्या पॅडमधलं तेल झिरपून वाळलेलं होतं. इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावरचं खोदकाम (मायनिंग) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं, तोवर हे गड्यासारखं रात्रंदिवस राबलेलं दिसतंय. किंमत त्यावरून पाडून घेतली, त्यामुळे तक्रार नाही.

मी दिवसा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कॅडचं काम करतो, रात्री ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये रेंडर (चित्रं तयार करायचं काम) लावतो. पण हा उद्योग सुरू झाला तो पुण्याच्या मावसभावामुळे. त्याच्याकडे हेच कार्ड आणि पोर्ट रॉयल या कार्डाचा वेग मोजणाऱ्या चाचणीत त्याचा आकडा १३,७८०. ‘तुमच्या बेळगावात उन्हाळाच नसतो म्हणे, मग तुझा चौदा हजार यायला काय हरकत आहे?’ असं लग्नाच्या पंगतीत बसून चारचौघांत म्हणाला.

उन्हाळा असतो. माडीवरची खोली पत्र्याची, दुपारी साडेतीनला भिंतीवरचा तापमापक ३४ दाखवत होता. कशालाही हात न लावता पहिली धाव: पोर्ट रॉयल १२,६८४. सरासरी क्लॉक (चिपचा वेग) १,६९५ मेगाहर्ट्झ, वीज ३५० वॉटच्या मर्यादेला चिकटलेली, कोर म्हणजे मुख्य चिप ७८ अंश, हॉटस्पॉट म्हणजे तिच्यावरची सगळ्यात तापलेली जागा ९३ आणि मेमरी जंक्शन म्हणजे मेमरीच्या आतलं तापमान १०८. हा शेवटचा आकडा एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्येच दिसला. कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११०च्या आसपास गेली की कार्ड स्वतःच वेग आवरतं. म्हणजे कड्यावर उभं राहून धावायचं होतं.

मग टाइम स्पाय ही दुसरी चाचणी लावली. दुसऱ्या ग्राफिक्स टेस्टला पीसी बंद. हँग नाही, निळा पडदा नाही, सरळ अंधार. आईनं खालून विचारलं, ‘लाइट गेली काय रे?’ खालचा पंखा फिरत होता.

१० मे, शनिवार

पूर्ण आठवडा ड्रायव्हर काढण्या-घालण्यात घालवला. तीन वेळा. फुकट गेला.

ड्रायव्हर बिघडला तर पडदा गोठतो, काळा होऊन परत येतो किंवा निळा होतो. पीसी खटकन बंद पडला तर संशय आधी पॉवर सप्लायवर घ्यावा. ३०९० सरासरी ३५० वॉट घेत असली तरी मधूनच काही मिलिसेकंदांपुरती त्याच्या कितीतरी वर उसळते. माझा ७५० वॉटचा सप्लाय सात वर्षांचा. त्याला ती उसळी शॉर्टसारखी वाटते आणि तो स्वतःला बंद करून घेतो. त्यात मी शहाण्यानं एकाच केबलची दोन टोकं कार्डाच्या दोन्ही कनेक्टरांत खुपसली होती. आता दोन वेगळ्या केबल लावल्या. बंद पडणं कमी झालं, थांबलं नाही. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाच्या विजेची मर्यादा, ८५ टक्क्यांवर आणलं की एकदाही पडत नाही. सध्या तिथंच ठेवतो, नवा सप्लाय साडेनऊ हजारांच्या खाली नाही.

केबल बदलताना कॅबिनेटला हात लागला की बोटांना चुणचुण व्हायची. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, मग दिवा लावून बघितला आणि म्हणाला, ‘अर्थिंगच इल्ल री.’ आजोबांच्या वेळचं वायरिंग, माडीवरच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला. सप्लायच्या फिल्टरमधून जी थोडी वीज बॉडीला येते, तिला जायला वाटच नव्हती. १,८०० रुपये खर्च झाले, चुणचुण गेली. स्कोरमध्ये एक अंकही वाढला नाही, पण कार्ड उघडायच्या आधी हे झालं ते बरं.

११ मे, रविवार

कार्ड उघडलं. मामा उद्यमबागेत लेथवर असतात, त्यांना व्हर्नियर घेऊन बोलावलं होतं. कोरची उष्णता हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) पोचवणारी पेस्ट पापडासारखी वाळून तडकलेली. मेमरीवरचे पॅड उचलताना चुरा होत होते.

३०९०ची गोम अशी की मेमरीचे चोवीस तुकडे आहेत, एकेक जीबीचे, आणि त्यांतले बारा बोर्डाच्या मागच्या बाजूला. पुढच्या बारांना मोठा हीटसिंक आणि तीन पंखे, मागच्या बारांना नुसता पत्रा. पुढे आलेल्या ३०९० टीआयला दोन-दोन जीबीचे बाराच तुकडे सगळे पुढे बसवले, तेव्हा ही कटकट मिटली. माझ्या नशिबी ती आहेच.

जुने पॅड व्हर्नियरनं मोजले: पुढचे १.३, मागचे १.८ मिलिमीटर. दाबून बसलेले, म्हणजे मूळचे जरा जाड असणार. मी दोन्हीकडे २ मिलिमीटरचे मागवायचं ठरवलं. मामा म्हणाले, ‘गॅप मोजल्याशिवाय जाडी कशी ठरवलास? पोरांची खेळायची माती आण, लाटून मध्ये दाबून बघू.’ मी म्हटलं, ‘मामा, पॅड मऊच असतात, दबतील की.’

पॅड १,४५० रुपये, पेस्ट ६५०.

१७ मे, शनिवार

दबले नाहीत.

सकाळपासून चार तास लावून सगळं बसवलं. धाव लावली तर मेमरी ९४ वर आली, आनंदानं मावसभावाला फोटो पाठवला आणि मग वरची ओळ वाचली: कोर ७९, हॉटस्पॉट १०७. कोर आणि हॉटस्पॉट यांच्यात १२-१५ अंशांचं अंतर चालतं. अठ्ठावीस म्हणजे हीटसिंक कोरवर नीट टेकलेलाच नाही. परत उघडलं. पेस्टचा ठसा बघूनच कळलं, कोरच्या एका कोपऱ्यावर पेस्ट जशी लावली तशीच उभी, दाबच पडला नव्हता. जाड पॅडांनी हीटसिंक उचलून धरला होता. जाहिरातीत उष्णतावहनाचा आकडा मोठा असलेले पॅड बहुधा कडक निघतात, ते मऊ स्पंजासारखे बसत नाहीत. हे मला आधी ठाऊक नव्हतं.

घाईत दुसऱ्यांदा उघडताना पंख्याच्या वायरीचा बारीक पांढरा कनेक्टर वायर धरून ओढला. एक वायर निघून हातात आली. कनेक्टरच्या कडेला नखं लावून आलटून पालटून सरकवायचा असतो. पिन परत बसवायला सुई आणि दीड तास लागला.

१८ मे, रविवार

मामांना फोन केला. ‘दोन घातलास होय? मोजायचं सोडून अंदाजपंचे!’ एवढं बोलून आले मात्र लगेच.

खेळायच्या मातीच्या चपट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून मेमरीच्या चार तुकड्यांवर ठेवल्या, पेस्ट न लावता हीटसिंक बसवून कोरभोवतीचे चार स्क्रू तिरपे तिरपे आवळले, परत काढलं. मामांनी माती मोजली: पुढे १.४ ते १.५. मागे मात्र १.९, म्हणजे तिथले २ मिलिमीटरचे बरोबर होते. आपल्या कार्डाचं माप आपणच काढायचं; चिप तीच असली तरी हीटसिंक प्रत्येक कंपनीचा निराळा.

पुढच्यासाठी दीडचे मागवले. आणखी १,३०० रुपये आणि आठवडा.

२५ मे, रविवार

यंदा पावसानं मे संपायची वाटच बघितली नाही. काल रात्रीपासून पत्र्यावर ताशा वाजतोय. खोलीचं तापमान २६.

दीडचे पॅड, नवी पेस्ट. पॉवर लिमिट परत १०० टक्के. कोर ६८, हॉटस्पॉट ८०, मेमरी ८८. १०८ वरून ८८! मावसभावाला कळवलं, त्याचं उत्तर आलं, ‘खोली किती होती तेव्हा?’

बरोबर बोलला, आणि ते मला आधी सुचलं नाही याचा राग आला. तेव्हा १०८ वजा ३४ म्हणजे खोलीपेक्षा ७४ अंश वर. आता ८८ वजा २६, ६२. पॅडांनी कमावले ते बारा अंश, बाकीचे आठ पावसाचे. इथून पुढे प्रत्येक नोंदीत खोलीचं तापमान लिहीन. जे लोक नुसते ‘वीस अंश उतरले’ म्हणून लिहितात, त्यांनी कुठल्या महिन्यात मोजलं तेही विचारावं.

मागच्या पत्र्यावर १२० मिलिमीटरचा जुना पंखा झिप-टायनं बांधला. मेमरी ८३. खर्च शून्य, ध्यान भयंकर दिसतंय.

नुसत्या थंडाव्यानं स्कोर १२,८१०. वीज अजून ३५०लाच अडलेली आहे, त्यामुळे कार्ड थंड झालं म्हणून फार पळालं नाही. आता अडचण उष्णतेची नाही, विजेची.

३१ मे, शनिवार, खोली २५

कर्व्हचं काम. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडतो. माझं कार्ड ३५० वॉटला अडतं म्हणून नुसता कोर क्लॉकचा स्लायडर वर ढकलण्यात मजा नाही. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो, क्लॉकच्या मात्र सरळ पटीत. म्हणून व्होल्टेज खाली खेचून त्याच विजेत जास्त क्लॉक मिळवायचा. एवढंच गणित, बाकी सगळी हमाली.

पहिला प्रयत्न: ८५० मिलिव्होल्टचा एकच ठिपका उचलून १,८६०वर नेला आणि पुढची रेघ सपाट केली. क्लॉक १,८६० दिसतोय, छान स्थिर. स्कोर १२,९५५. हिशेब जुळेना. एवढ्या क्लॉकला तेरा हजारांच्या बरंच वर जायला पाहिजे होतं.

दोन तास डोकं खाजवल्यावर एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ नावाची वेगळी ओळ सापडली. तिथं १,७८५. दाखवायला एक, पळायला दुसरं. एकच ठिपका कडेलोटासारखा उचलला की त्याच्या मागचे ठिपके जुन्याच जागी राहतात आणि कार्डाचा खरा वेग मागे पडतो. मग सगळा कर्व्हच वर सरकवला, ८५०ला १,८६० येईपर्यंत, आणि फक्त त्याच्या पुढचा भाग सपाट केला. इफेक्टिव्ह १,८४८. स्कोर १३,२९०, वीज ३४४ वॉट.

आणखी एक: थंड कार्डावर कर्व्ह लावला तर तापल्यावर तो १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली घसरतो. दहा मिनिटं लोड देऊन, कार्ड तापलेलं असतानाच कर्व्ह लावावा. मी सकाळी थंड कार्डावर लावून दुपारी ‘१,८४५ का दिसतंय’ म्हणून शोधत बसलो होतो.

व्होल्टेज बांधल्यामुळे उसळ्याही बसल्या. टाइम स्पाय पाच वेळा, पीसी एकदाही बंद पडला नाही. पॉवर सप्लायचे साडेनऊ हजार तूर्त वाचले.

१ जून, रविवार, खोली २५

मेमरीचा वेग मूळच्यापेक्षा किती मेगाहर्ट्झ वाढवता येतो ते बघितलं. कोर कालचाच ठेवला, प्रत्येक पायरीला तीन धावा, त्यांतली मधली लिहिली:

अधिक ५०० ला १३,४०२
अधिक ८०० ला १३,५११
अधिक १,००० ला १३,५३८
अधिक १,१०० ला १३,४९०
अधिक १,३०० ला १३,१०४

अधिक १,३०० वरही पडद्यावर एक ठिपका नाही, क्रॅश नाही. सवय अशी की क्रॅश होईपर्यंत ढकलायचं आणि मग थोडं मागे यायचं. या मेमरीला ते चालत नाही. वाहतुकीत चूक झाली की ती स्वतःच ओळखते आणि तोच माल परत पाठवते. त्यामुळे पडत नाही, नुसती मंदावते. म्हणजे इथं क्रॅशची वाट बघू नका, स्कोर उतरायला लागला की समजा हद्द ओलांडली. ९५० वर थांबलो.

संध्याकाळी सगळं जमलं म्हणून आफ्टरबर्नरमधली ‘विंडोज सुरू होताना लागू करा’ ही खूण मारली आणि जरा हाव धरून ८५० मिलिव्होल्टला १,९०५ लावून ठेवलं. नेमकी गल्लीत झाडाची फांदी तारेवर पडली, लाइट गेली. दीड तासानं आली. पीसी सुरू, विंडोज सुरू, खूण मारलेली असल्यामुळे १,९०५ लागू, काळा पडदा, परत सुरू, परत काळा. सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाकेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. प्रोफाइलही त्यात गेले. वहीत लिहून ठेवले होते म्हणून वाचलो.

ती खूण महिनाभर वापरून खात्री झाल्याशिवाय मारायची नाही.

८ जून, रविवार, खोली २४

रेंडर चाळीस मिनिटांनी पडला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजनं तो परत उभा केला. कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं की विंडोज असं करते. पोर्ट रॉयल वीस वेळा पार करणारी सेटिंग ब्लेंडरला चालली नाही. गिऱ्हाइकाला सकाळी द्यायचं सिलिंडरचं ॲनिमेशन होतं. रात्री दीडला सगळं मूळच्या सेटिंगवर आणून परत लावलं, पहाटे झालं.

८५० ला १,८६० ऐवजी १,८३० केलं. पोर्ट रॉयलच्या स्ट्रेस टेस्टच्या वीस फेऱ्यांत वेगाची स्थिरता ९८.९ टक्के (९७ला पास), रेंडर साडेतीन तास, एकही चूक नाही.

१४ जून, शनिवार, खोली २४

कामाची वेगळी सेटिंग केली: ७७५ मिलिव्होल्टला १,७४०, मेमरी अधिक ५००. पोर्ट रॉयल १२,९५७, वीज २८५ वॉट. हात न लावलेलं कार्ड ३५० वॉट खाऊन १२,६८४ देत होतं. पंखे निम्म्या वेगानं फिरतात. रोज हेच.

आज शेजारचे माग बंद होते, काहीतरी सामानाचा घोळ. एरवी त्यांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच येत नाही. आज पहिल्यांदा कळलं की माझं कार्ड लोडखाली किरकिरतं, रातकिड्यासारखं. कॉइलचा आवाज. दीड महिना माझ्या उशाशी होता.

आजवरचा वरखर्च: पॅड २,७५०, पेस्ट ६५०, अर्थिंग १,८००. कार्ड धरून ६७,२००.

२२ जून, रविवार, पहाट

मावसभावाच्या आकड्यासाठी शेवटचा हल्ला. शिवजयंतीच्या चित्ररथाला मंडळानं आणलेला मोठा उभा पंखा एका कार्यकर्त्याच्या घरी पडून होता, तो शनिवारी रात्री उचलून आणला. दोन्ही खिडक्या उघड्या, बाहेर झिमझिम. पाच वाजता खोली २१.५. आई उठून वर आली, उघड्या कॅबिनेटसमोर तो अजस्र पंखा बघितला, ‘देवा!’ म्हणून खाली गेली. ओल्या हवेची भीती बाळगू नका. कार्ड हवेपेक्षा गरमच असतं, त्यावर दव धरत नाही. थेंब आत उडणार नाहीत एवढं बघावं.

पॉवर लिमिट १०५ टक्के, माझ्या कार्डाला स्लायडर त्यापुढे जातच नाही, म्हणजे ३६७ वॉट. तीन कनेक्टरच्या कार्डाचा बायोस (विजेची मर्यादा ठरवणारा कार्डातला प्रोग्राम) चढवायचा मोह झाला होता. माझ्या बोर्डावर तिसरा कनेक्टरच नाही. कार्ड नसलेल्या वाटेची वीजही हिशेबात धरून बसेल. नको म्हटलं.

मेमरी अधिक ९५०. ८५६ ला १,८७५: १३,६८१. ८६२ ला १,८९०: १३,७४९, कोर ५६, मेमरी ७४. ८७५ ला १,९०५: १३,७२२, कारण वीज ३६७ ला टेकून क्लॉक मधेमधे खाली येत होता. व्होल्टेज वाढवून आकडा उतरला, म्हणजे माडीवरच्या या कार्डाची हद्द ८६२. तरी हात शिवशिवत होते. ८८७ ला १,९२० लावलं आणि सप्लायनं खटकन मान टाकली, ४ मे सारखीच.

परत ८६२ वर येऊन तीन धावा: १३,७४९, १३,७११, १३,७३०.

मावसभावाला पाठवलं. ‘एकतीसनं कमी,’ त्याचं उत्तर. मी म्हटलं, अरे, माझाच आकडा तीन धावांत अडतीसनं हलतो, मग एकतीस कसले मोजतोस? बरोबरी झाली. तो मानत नाही. मग हळूच विचारलं, तुझ्या वेळी खोली किती होती? बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत होतं. शेवटी उत्तर आलं: एसी, १८ वर.

२३ जून, सोमवार

कामाची सेटिंग परत लावली. मंडळाचा पंखा रात्रभर जोरात चालून खरखरायला लागलाय. मामा म्हणतात, बुश गेलाय, शनिवारी बसवून देतो. तोवर तो इथंच आहे. मागच्या पत्र्यावरचा छोटा पंखा अजून झिप-टायवरच. त्याला एक क्लॅम्प मामांकडून वळवून घ्यायचाय, माप वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवलंय. या वेळी मोजून.